माहलरच्या पाचवीतलं अदाजिएत्तो: प्रेमपत्र की अंत्ययात्रा?

मध्यलय

इथे सिंफनीवर धागा निघाला की गाडी बेटहोवेनच्या पाचवीवर सुरू होते आणि नववीवर संपते, म्हणून मुद्दाम ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव माहलरची पाचवी घेतोय, तीही सगळी नाही (सगळी सत्तर मिनिटांच्या आसपास आहे, घाबरू नका), फक्त तिच्या पाच मूव्हमेंटपैकी (म्हणजे भागांपैकी) चौथी, अदाजिएत्तो.

आधी जुजबी माहिती. १९०१ आणि १९०२ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियात वोर्थरझे तळ्याकाठी मायरनिगला लिहिलेली ही सिंफनी, पहिल्यांदा वाजली १८ ऑक्टोबर १९०४ ला कोलोनमध्ये, कंडक्टर स्वतः माहलर. ऑर्केस्ट्रा अवाढव्य, सहा हॉर्न, चार ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा, ढोल, झांजा, काय म्हणाल ते. आणि चौथी मूव्हमेंट आली की ही सगळी मंडळी हाताची घडी घालून बसतात, वाजतात फक्त तंतुवाद्यं आणि एक हार्प. १०३ बार (मात्रांचे छोटे गट), एफ मेजर, वर जर्मनमध्ये लिहिलंय 'झेर लांगझाम', अगदी सावकाश.

आता खरी गंमत. कंडक्टर विलेम मेंगेलबर्गने आम्सटरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्राबरोबर १९२६ साली हे रेकॉर्ड केलं, साधारण सात मिनिटं. ब्रुनो वाल्टरने व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर १९३८ साली, आठ मिनिटांच्या आसपास. बार्बिरोली १९६९, दहाच्या थोडं आत. कारायान १९७३, बाराच्या घरात. आणि हायटिंक बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर १९८८ साली, जवळजवळ चौदा! एक सूर इकडचा तिकडे नाही, तरी वेळ दुप्पट. मेंगेलबर्ग ऐकलं की कोणीतरी भरभरून बोलतंय, मधेच अडखळतंय, परत बोलतंय असं वाटतं, आणि हायटिंक ऐकलं की घरात कोणीतरी गेलंय. माझं म्हणणं एवढंच की या मूव्हमेंटचा मूड पट्टीत नाही, सुरावटीत अर्धाच आहे, उरलेला सगळा लयीत आहे. दोन्ही ऐका आणि मग भांडा.

बेसुरा

ऐकतो रात्री. पण आधी आमच्यासारख्यांना इस्कटून सांगा की एफ मेजर म्हणजे आपल्या भाषेत काय? आणि मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे दुःखी असं शाळेतल्या गिटारवाल्या सरांनी शिकवलं होतं ते मग बाद का?

सुरपेटी

@बेसुरा, पेटीवर पांढरी चारचा सा धरा आणि बिलावल वाजवा, झालं एफ मेजर. म्हणजे स्वर सगळे शुद्ध, दुःखाचं कारण कागदावर तरी काहीच नाही.

पण सुरुवात बघा कशी केलीय ते. पहिल्या दोन बारमध्ये हार्प आणि खालची तंतुवाद्यं फक्त ए आणि सी हे दोनच स्वर धरून आहेत, पांढरी चारच्या हिशोबाने ग आणि प. सा कुठेच नाही! त्यामुळे कानाला कळतच नाही की हे एफ मेजर आहे का ए मायनर, दोघांतही हे दोन स्वर आहेत. मग पहिली व्हायोलिन्स हळूच वर येतात, प ध नी... आणि नीवर येऊन थांबतात, खाली बेसमध्ये सा लागतो तरी वर नीच धरलेला, आणि मग कुठे वरचा सा. शुद्ध नी षड्जाच्या उंबरठ्यावर उभा करून ठेवणं म्हणजे काय हे इथे कोणाला सांगायला नको, यमनमध्ये आपण तेवढ्यासाठीच बसतो. ही एकच युक्ती माहलर पूर्ण मूव्हमेंटभर वापरतो, आधीच्या कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) एक स्वर मागे रेंगाळत ठेवायचा आणि उशिरा सोडायचा. म्हणून मेजर असूनही हुरहूर.

@मध्यलय, त्यामुळे मूड सुरावटीत 'अर्धाच' हे मला मान्य नाही. लय ठरवते तो नी किती वेळ ताटकळायचा एवढंच.

मध्यलय

पण तोच तर मुद्दा आहे ना! दोन सेकंद ताटकळला तर ती ओढ आणि पाच सेकंद ताटकळला तर शोक.

गणितमास्तर

संगीतातलं कळत नाही पण १०३ बार म्हटल्यावर हात शिवशिवले. चार-चारचा ताल आहे म्हणजे ४१२ मात्रा. सात मिनिटांत संपवलं तर मिनिटाला सरासरी ५९ मात्रा, चौदा मिनिटांत संपवलं तर २९. अर्थात मधे लय कमीजास्त होत असणार, ही नुसती सरासरी. पण ५९ म्हणजे घड्याळाची टिकटिक आणि २९ म्हणजे दोन टिकटिकींना एक मात्रा, एवढं तर मलाही कळतं.

अण्णा_डोंबिवलीकर

यात एवढं काय विशेष, आमच्याकडे अमीर खाँसाहेब झुमरा तालात याच्याही खाली जायचे आणि कोणी अंत्ययात्रा म्हणत नव्हतं. अतिविलंबित म्हणजे शोक हे समीकरणच चुकीचं वाटतं. पाश्चात्त्यांना ठहराव झेपत नाही एवढाच निष्कर्ष निघतो यातून.

सुरपेटी

अण्णा, नमस्कार :-) पण तुलना जुळत नाही. विलंबित ख्यालात लय खाली गेली की गायकाला जागा मिळते, त्या जागेत तो बढत करतो, नवीन काही मांडतो, तबलजी मात्रांच्या मधे भरतो. लय जितकी संथ तितका मजकूर जास्त. इथे मजकूर छापलेला आहे. लय निम्मी केली म्हणून व्हायोलिनवाला दोन स्वर जास्त वाजवू शकत नाही, तोच स्वर दुप्पट वेळ ओढत बसतो. आणि एका हद्दीनंतर कानाला सुरावट म्हणून धागा लागत नाही, नुसते एकामागून एक येणारे कॉर्ड ऐकू येतात, सुंदर असतात पण त्यातलं बोलणं हरवतं.

अण्णा_डोंबिवलीकर

हम्म. हे पटण्यासारखं आहे. तरी ठहराव झेपत नाही हे वाक्य मी मागे घेत नाही.

ट्यूलिपवाली

आता मला बोलावंच लागेल कारण मेंगेलबर्ग आमच्या गावचा! आम्सटरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊमध्ये मोठ्या हॉलच्या बाल्कनीच्या कठड्यावर संगीतकारांची नावं लिहिलेली आहेत, त्यात माहलर पण आहे, कारण मेंगेलबर्ग त्याला पुन्हा पुन्हा इथे बोलवायचा आणि त्याच्या सिंफनीज इथल्या लोकांच्या गळी त्यानेच उतरवल्या. माहलर रिहर्सलला काय सांगायचा ते तो आपल्या स्कोअरमध्ये (छापील स्वरलिपीत) टिपून ठेवायचा.

तर अदाजिएत्तोच्या पानावर मेंगेलबर्गने लिहून ठेवलंय की ही माहलरची आल्मासाठी प्रेमाची कबुली आहे, पत्राऐवजी त्याने एकही शब्द न लिहिता नुसतं हे हस्तलिखित तिला पाठवलं, ती समजली आणि तिने उत्तर दिलं की ये. आणि पुढे लिहिलंय की हे मला दोघांनीही सांगितलं. आल्मा शिंडलर आणि माहलरची ओळख नोव्हेंबर १९०१ ची, लग्न मार्च १९०२. ती स्वतः कंपोझिशन शिकत होती त्यामुळे स्कोअर वाचून अर्थ लावणं तिला सहज जमणारं होतं, नाहीतर एखादीने म्हटलं असतं हे काय पाठवलंय, हार्पचा पार्ट?

म्हणून माझं मत सात मिनिटांना. चौदा मिनिटं प्रेमाची कबुली देत बसलात तर समोरचं माणूस उठून जाईल.

गजगामिनी

ट्यूलिपवाली, शेवटच्या वाक्याला +१००

तिरकस_कोन

मी विरुद्ध पार्टीत. दोन मुद्दे.

एक, १९२६ चं रेकॉर्डिंग ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर आहे. एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची. त्या काळात लोक रेकॉर्डिंगसाठी पळवायचे हे सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांत तीन मिनिटांत अख्खा राग उरकलेला असतोच की. मग सात मिनिटं हा पुरावा कसा?

दोन, ही प्रेमपत्राची गोष्ट कितीही गोड असली तरी माहलरने ऑगस्ट १९०१ मध्ये, म्हणजे आल्मा भेटायच्या आधी, र्‍यूकर्टच्या एका कवितेला चाल लावली होती, 'मी जगाला हरवलोय' अशा अर्थाची, जगाने मला मेलेला समजलं तरी चालेल, मी माझ्या स्वर्गात, माझ्या प्रेमात, माझ्या गाण्यात एकटा आहे, असं काहीसं. ते गाणं आणि हे अदाजिएत्तो लागोपाठ ऐका, सख्खी भावंडं आहेत. त्याच वर्षी फेब्रुवारीत माहलर रक्तस्राव होऊन मरता मरता वाचला होता. म्हणजे या सुरावटीचं मूळ प्रेयसीत नाही, एकटेपणात आहे. आणि एकटा माणूस घाईत नसतो.

ट्यूलिपवाली

तबकडीचा मुद्दा नाही टिकत. मेंगेलबर्गचं रेकॉर्डिंग दोन बाजूंवर आहे, म्हणजे साडेआठपर्यंत जागा होती, त्याने ती वापरली नाही. आणि वाल्टरने तेवढ्याच जागेत आठ मिनिटं घेतली. वाल्टर म्हणजे हॅम्बुर्ग आणि व्हिएन्नात माहलरच्या हाताखाली काम केलेला माणूस. माहलरला स्वतःला कंडक्ट करताना पाहिलेले, त्याच्या जवळचे दोघे, दोघेही आठच्या अलीकडे-पलीकडे, हा योगायोग म्हणायचा का?

गाण्याचं मात्र बरोबर आहे. ते मीही ऐकलंय, आणि ती भावंडं आहेतच.

मध्यलय

तिरकस, स्कोअरमध्येच उत्तर आहे असं मला वाटतं. वर 'झेर लांगझाम' लिहिलंय खरं, पण मूव्हमेंटचं नाव अदाजिएत्तो, म्हणजे अदाजिओपेक्षा जरा हलकं. आणि दहाएक बार झाले नाहीत तोच लिहितो 'निश्ट श्लेपेन', रेंगाळू नका, मग 'सुरुवातीपेक्षा थोडं प्रवाही', मग कुठे पुढे रेटा, कुठे आवरा. हा माणूस स्वतः कंडक्टर होता, दुसरे कंडक्टर काय घोळ घालतात हे रोज बघत होता, म्हणून पानापानावर सूचना. ज्याला चौदा मिनिटं हवी होती तो रेंगाळू नका कशाला लिहील?

सोनचाफा

मला यातलं तांत्रिक काही कळत नाही पण मी ही सुरावट पहिल्यांदा व्हेनिसवरच्या सिनेमात ऐकली होती आणि तेव्हापासून माझ्यासाठी ती मरणाचीच आहे, सॉरी. समुद्र, धुकं, ती बोट, तो आजारी माणूस.

तिरकस_कोन

व्हिस्कोंतीचा 'डेथ इन व्हेनिस', १९७१. थॉमस मानच्या कथेतला नायक लेखक आहे, व्हिस्कोंतीने त्याला संगीतकार केलं आणि माहलरचं हे संगीत सिनेमाभर वापरलं. मूळ कथेतही नायकाचं पहिलं नाव गुस्टाव आहे, चेहरेपट्टी माहलरचीच, कारण माहलर मे १९११ मध्ये गेला आणि मान त्याच सुमारास ते लिहीत होता. त्यामुळे सोनचाफा यांची आठवण अगदीच उगाच नाही.

मध्यलय

त्याच्याही आधी ८ जून १९६८, न्यूयॉर्कचं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल, रॉबर्ट केनेडीची अंत्ययात्रा. लेनर्ड बर्नस्टाइनने तिथे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांना घेऊन हेच अदाजिएत्तो वाजवलं. तीन वर्षांत दोन एवढे मोठे शिक्के बसले, एक खऱ्या मरणाचा आणि एक पडद्यावरच्या. त्यानंतर कोणी आठ मिनिटांत वाजवलं तर लोकांना तेच चुकीचं वाटायला लागलं असणार. कारायान आणि हायटिंकची मी वर दिलेली रेकॉर्डिंग्ज या दोन्हींच्या नंतरची आहेत हे लक्षात घ्या. हे कारण मी लावतोय, पुरावा म्हणून नका घेऊ.

आणि यात एक विरोधाभास आहे तो कोणी बोलतच नाही. याच सिंफनीची पहिली मूव्हमेंट अंत्ययात्रेचीच आहे! सी शार्प मायनर, नावच 'त्राउअरमार्श', एकटा ट्रम्पेट सुरू करतो आणि मग ऑर्केस्ट्रा पावलं टाकत निघतो. माहलरला मढं उचलायचं होतं ते त्याने पहिल्याच मूव्हमेंटला उचललं. त्याच माणसाने तासाभराच्या आत दुसरी अंत्ययात्रा कशाला काढावी? लोकांनी मात्र लेबल लावलेली अंत्ययात्रा सोडून प्रेमपत्र उचललं.

अण्णा_डोंबिवलीकर

केनेडीच्या घरच्यांना ते शोभलं ना मग झालं. संगीतकाराने काय मनात धरून लिहिलं याच्याशी ऐकणाऱ्याला काय देणंघेणं. आपल्याकडे भैरवी मैफल संपवायला गातात, म्हणून काय भैरवी सकाळी गाऊच नये?

गजगामिनी

अण्णा आज फॉर्मात आहेत.

गजाआडचा_गज

उशिरा आलोय, वर सगळं वाचलं. मी व्हायोलिन वाजवतो (वेस्टर्न, हौशी, हायटिंकच्या लयीत हे वाजवायची वेळ देव शत्रूवर न आणो). कोणी गजाबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितोय.

संथ लयीत आवाज बारीक ठेवून एक स्वर लांबवायचा म्हणजे गज इतका हळू ओढावा लागतो की हात थरथरतो. गजाची लांबी ठरलेली आहे, ती काही कंडक्टर वाढवून देत नाही. मग लोक मधेच गुपचूप गज बदलतात, एका डेस्कवरचे दोघे वेगवेगळ्या वेळी, म्हणजे ऐकणाऱ्याला तुटल्यासारखं वाटत नाही. ऑर्केस्ट्रा चांगला असेल तर त्यातून एक अखंड चादर तयार होते, कारायानकडे तेच ऐकू येतं, कुठे शिवण दिसत नाही. पण वाक्यही दिसत नाही. जरा चालत्या लयीत एक वाक्य एका-दोन गजांत बसतं आणि मग ते माणसाने श्वास घेऊन बोलल्यासारखं होतं. 'भरभरून बोलतंय, अडखळतंय' असं मध्यलय यांनी वर लिहिलंय ते त्यामुळे.

दुसरं, मेंगेलबर्गच्या रेकॉर्डिंगमध्ये व्हायोलिन एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जातात ते ऐकलंत का? अक्षरशः मींड. तेव्हाची ती पद्धतच होती, पुढे महायुद्धानंतर ती फॅशन गेली, स्वच्छ वाजवा म्हणायला लागले. माहलरने स्वतः मधल्या भागातून मूळ सुरावटीवर परत येताना व्हायोलिनना वरून खाली येणारा मोठा ग्लिसांडो लिहून ठेवलाय, आणि आजकाल काही ऑर्केस्ट्रा तो असा लाजत लाजत वाजवतात की आहे का नाही कळत नाही. ज्याला मींड माहीत आहे त्याला तिथे काही परकं वाटणार नाही, उलट तेवढ्या जागेसाठी मेंगेलबर्ग ऐका.

सुरपेटी

वा! मधल्या भागाचा विषय निघालाच आहे तर पट्टीचं राहिलेलं बोलून घेतो. बेसुरा, पेटी उघडीच ठेवा.

मधल्या भागात हार्प गप्प होते, एकदम. आतापर्यंत तिच्या छेडण्यामुळे खाली काहीतरी टेकू होता, तो काढून घेतला. आणि संगीत जातं जी फ्लॅट मेजरला, म्हणजे आपल्या पांढरी चारच्या कोमल रिषभावर नवा सा. एफपासून अर्ध्या स्वरावर, पण पाश्चात्त्य हिशोबात फार लांबचा मुलूख, दोन्ही पट्ट्यांत सारखे स्वर अगदी मोजके. इथे वाग्नरच्या 'ट्रिस्टान' या प्रेमाच्या ऑपेरामधली नजरानजरेची सुरावट डोकावते असं जाणकार दाखवतात, आणि ते ऐकू येतं खरोखर. प्रेमपत्रवाल्यांसाठी हा मेंगेलबर्गच्या नोंदीपेक्षा मोठा पुरावा आहे असं मी म्हणेन, कारण तो संगीतात आहे. (तिरकसराव म्हणतील की ट्रिस्टानमध्येही शेवटी दोघं मरतातच. म्हणा.)

मग ग्लिसांडोने खाली घसरून परत एफ मेजर, हार्प परत. म्हणजे पट्टी बदलण्यानेही मूड होतो, मध्यलय, सगळं लयीच्या पदरात टाकू नका.

तिरकस_कोन

ट्रिस्टानमध्येही शेवटी दोघं मरतातच.

बेसुरा

ऐकलं. आधी मेंगेलबर्ग, मग हायटिंक, मग परत मेंगेलबर्ग. पहिल्यांदा खरखरीमुळे वैतागलो, नंतर खरखर ऐकू येईनाशी झाली. ते नी-सा कळलं, पेटीवर वाजवूनही पाहिलं, बायको म्हणाली छान आहे कुठला राग.

हायटिंकचं वाईट नाही हो पण, तुम्ही सगळे उगाच धोपटताय. रात्री उशिरा, हेडफोन लावून, शेवटी तो मोठा आवाज हळूहळू विरत जातो तेव्हा मी हललो नाही जागचा. प्रेमपत्र नाही वाटलं, मढंही नाही वाटलं. पुढे काय होतं पण? म्हणजे एवढं झाल्यावर सिंफनी संपत नाही ना, पाचवी मूव्हमेंट आहे म्हणालात.

मध्यलय

तिथेच तर खरी मेख आहे आणि सुटं अदाजिएत्तो ऐकणाऱ्यांना ती कधी कळत नाही. मैफलीत ते सुटं वाजवायची प्रथाही जुनीच, लंडनला हेन्री वुडने १९०९ सालीच प्रॉम्स नावाच्या मैफलींत वाजवलं होतं. पण माहलरने पुढच्या मूव्हमेंटच्या आधी थांबू दिलेलं नाही, जोडूनच सुरू करायचं. अदाजिएत्तोचा शेवटचा एफ मेजर कॉर्ड विरतो आणि लगेच एकटा हॉर्न एक स्वर धरतो, ए. मग व्हायोलिन तोच स्वर परत म्हणतात, आणि गप्पा मारल्यासारखी एकेक वाद्यं उठायला लागतात. रोन्डो फिनाले, डी मेजर, लख्ख उजेड, चेष्टामस्करी.

आणि त्या धांदलीत मधेच अदाजिएत्तोच्या मधल्या भागाची सुरावट येते, तीच, पण उड्या मारत, हसत खेळत. ज्याने आधी चौदा मिनिटं रडवलं त्याला ही थट्टा झेपत नाही, एकदम अपमान झाल्यासारखं वाटतं. सात-आठ मिनिटांच्या अदाजिएत्तोनंतर ती ओळखू येते आणि हसू येतं. माझ्यासाठी लयीचा निकाल इथे लागतो, मेंगेलबर्गच्या नोंदीवर नाही.

सुरपेटी

आणि त्या हॉर्नच्या ए ची गंमत बघा. एफ मेजरमध्ये ए म्हणजे गंधार. डी मेजरमध्ये तोच ए म्हणजे पंचम. स्वर जागचा हलत नाही, खालचा सा बदलतो. मूर्च्छना!

अण्णा_डोंबिवलीकर

हे आवडलं. हे खरंच आवडलं. लावतो आज पूर्ण, पहिल्या ट्रम्पेटपासून.

बेसुरा

मी पण. फक्त एक सांगा, शेवटच्या मूव्हमेंटमध्ये ती सुरावट परत येते ती कितव्या मिनिटाला? म्हणजे चुकायला नको.

मध्यलय

ते तुम्ही कोणाचं रेकॉर्डिंग लावताय त्यावर आहे :-)